मोरीच्या वळणावर पंचवीस

गाडी उलटली नव्हती. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण आमच्या घराण्यात आजही कुणाच्या लग्नात चार बायका जमल्या की माझी ओळख करून देताना म्हणतात, "या आपल्या डॉक्टरकाकांच्या कन्या. यांनीच तर गाडी उलटवली होती." आता माझे गुडघे गेले, केस गेले, गाडी चालवणं सुटूनही बरीच वर्षं झाली. ते वाक्य मात्र ठणठणीत आहे. गाडी उलटली नव्हती. ती मागच्या बाजूनं घसरली, रस्त्यावर अर्धी गिरकी घेऊन तुरीच्या वावरात शिरली आणि चारही चाकांवर उभी राहिली. आणि ती वेगात नव्हती.

माझे वडील चिखलीला डॉक्टर होते. महाराष्ट्र राज्य अजून नवंनवं होतं. रस्त्याकडेच्या दगडांवरचे मैल पुसून किलोमीटर लिहिणं चाललं होतं. गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतली सगळ्यांत लहान आमची. दोन दारांची, बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. ती घेऊन बाबा आठवड्याचे बाजार करत. म्हणजे बाजार लोक करत आणि बाबा बाजाराच्या गावी एखाद्या दुकानाच्या ओट्यावर बसून रोगी बघत. आसपासची खेडी त्या दिवशी आपोआप तिथं गोळा व्हायची.

मी मॅट्रिक झाले त्या सुमाराला बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो पिकल्याशिवाय काढता येत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. हजार लोकांच्या गळवांना चाकू लावलेला माणूस स्वतःच्या डोळ्याला चाकू लागणार म्हणून भ्यायला होता, हे घरात फक्त आईला आणि मला कळत होतं. मला भाऊ नव्हता. मग त्यांनी जिनिंगच्या मोकळ्या आवारात, कापसाचा हंगाम नसताना, मला गाडी शिकवली. बुलढाण्याला जाऊन मी लायसन काढून आणलं. एकोणिसाव्या वर्षी मी बाबांची गाडी चालवू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार माज होता.

बाबांना समोरच्या घड्याळातला वेगाचा काटा दिसत नसे. पण त्यांना तो लागतच नव्हता. इंजिनाच्या आवाजावरून आणि पायाखालच्या पत्र्याच्या थरथरीवरून ते मैल सांगायचे. डोळे मिटून बसलेले असायचे आणि मधेच म्हणायचे, "अठ्ठावीस झाले. उतरव." मी काटा बघायची. अठ्ठावीसच. पहिल्या वर्षात त्यांची चूक काढायची म्हणून मी खूप प्रयत्न केले, एकदाही साधलं नाही. पाहुण्यांसमोर सुद्धा ते हा खेळ करून दाखवत. छातीतली घरघर ऐकणाऱ्या कानाला इंजिन काय जड, असं म्हणत. ही गोष्ट लक्षात ठेवा.

बाबांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठेबाबा. त्यांची बाजारात अडत होती. बाबांना नागपूरला ठेवून शिकवलं ते त्यांनी, त्यामुळे घरं दोन असली तरी शब्द एकच चालायचा, त्यांचा. आणि आमच्याकडे रीत अशी की कुळात मोटार एकाची असली तरी नवरदेव सगळ्यांचे. चुलत, मावस, आत्ये, कुणाचंही लग्न निघालं की गाडी मागायला माणूस हजर. नवरदेव पुढं, मागं दोन करवल्या, त्यांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर आहेराचं गाठोडं. त्या एवढ्याशा गाडीत मी एकदा अकरा मुंडकी मोजली आहेत.

अशाच एका वरातीत गाडी मागं बसली. मागचा भाग रस्त्याला टेकायला आला आणि नाक आभाळाकडं गेलं. बैलगाडीत मागं जास्त ओझं झालं की जू वर उचललं जातं, तिला आपण उलाळ गाडी म्हणतो. व्याह्यांकडचा कुणीतरी टवाळ ओरडला, "अबे, उलाळ झाली रे डॉक्टरची गाडी, नवरदेवाले धरा." सगळी वरात हसली. मोठेबाबांच्या फेट्याखालून घाम आला. घरची गाडी उलाळ होणं म्हणजे घर उलाळ होणं, असं मानणारी ती माणसं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता गाडी टांग्यांच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, करणाऱ्या चाचांकडं नेली आणि मागच्या दोन्ही कमानींत जीपचे जाड पाटे घालून घेतले. पाट्यांवर पाटे. गाडी परत आली ती मागून चार बोटं उंच होऊन, डबक्यात पाणी प्यायला वाकलेल्या बकरीसारखी. मोठेबाबांनी मागच्या बाजूवर दोन्ही हात टेकून जोर दिला. गाडी हलली नाही. "आता बसवा म्हणा अकरा काय, पंधरा," ते म्हणाले. आणि खरंच, पुढच्या लग्नात गाडी नवरीसारखी ताठ गेली.

अकरा माणसं असताना. बाबा आणि मी दोघंच असताना काय, ते कुणी विचारलंच नाही.

आधीची गाडी वळणावर कलायची. जरा वेग जास्त झाला की अंग टाकायची, बाबा दाराला टेकायचे, मला कळायचं की आता पुरे. गाडी तोंडानं सांगायचीच बाकी ठेवायची. पाटे घातल्यापासून ती कलेना. सपाट राहायची, जो बसेल तो म्हणे वा, काय पक्की केली गाडी. पण रिकामी असली की खड्ड्याखड्ड्याला मागचं टोक उडायचं. वळणात खड्डा आला की मागची चाकं क्षणभर रस्ता सोडायची आणि बाहेरच्या बाजूला टुणकन सरकायची, काही न सांगता. पहिल्यांदा झालं त्याच संध्याकाळी मी मोठेबाबांच्या बैठकीत जाऊन सांगितलं की रिकामी गाडी वळणावर मागून सुटते, एकेक पाटा तरी काढा.

ते हिशेबनीसाकडं बघून हसले. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाले. "जीपचा पाटा हाय वं तो. जीप काय सुटते?"

जीपचं वजन किती आणि आमच्या डबीचं किती, हे मी सांगायला लागले. त्यांनी चहा मागवला.

मेहकरकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक मोरी आहे, ओढ्यावरचा बुटका पूल. गावाकडं परत येताना मोरी ओलांडली की लगेच डावं वळण, आणि त्या वळणाचा उतार उलटा, आतल्या बाजूला असायला हवा तर बाहेरच्या. मधल्या पट्ट्यावर तेवढं डांबर, कडेला सुटा मुरूम. तिथं मी कधीही पंचवीसच्या वर गेले नाही. त्या दिवशी बाजार करून आम्ही परत येत होतो, ऊन उतरलं होतं, मागं काही नाही, बाबांच्या मांडीवर त्यांची पेटी. काटा पंचवीसवर होता. मी बघितला, कारण त्या वळणाआधी मी नेहमी बघायची. मोरी ओलांडली, वळण घेतलं, मागचं चाक एका खळग्यात आपटलं आणि गाडी माझ्या हातून गेली. मी स्टिअरिंग उलट फिरवलं, तोवर मागची चाकं मुरमात होती.

तुरीत धूळ बसली तेव्हा बाबांच्या कपाळातून रक्त येत होतं आणि पेटीतल्या स्पिरिटच्या बाटलीचा वास सुटला होता. ते मला म्हणाले, "तुले लागलं का?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळाला बांधला आणि वावराच्या मालकाची मोडलेल्या तुरीबद्दल माफी मागितली. इथवर ते माझेच बाबा होते.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तुरीत उभी गाडी मोरीजवळ आडवी झाली, गावात येईपर्यंत उलटी झाली. पंचवीसाचे चाळीस झाले, आणि ते काही मैलांचे किलोमीटर केल्यामुळं नव्हे. संध्याकाळी बैठक भरली. मोठेबाबा गादीवर, बाबा खाली पट्टी बांधून, मी दाराशी उभी.

"किती पळवत होती?" मोठेबाबांनी विचारलं.

"पंचवीस," मी म्हणाले. "तुमच्या पाट्यांनी गाडी सुटली."

"वा रे वा. पाट्यानं गाडी बसत नाई, तं म्हणे सुटली." मग ते बाबांकडं वळले. "तू सांग. तू बाजूले बसला होता. किती होती?"

मी निश्चिंत होते. खरंच सांगते, मला त्या क्षणी जवळजवळ हसू येत होतं. साऱ्या गावात एकच माणूस असा होता की ज्याला विचारण्याची सोय होती, आणि नेमकं त्यालाच विचारलं होतं.

बाबा चटईकडं बघत होते. "मले काटा दिसत नाई, दादा," ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी गेली नाही, पायातच राहिली, मला पाऊल उचलता येईना. काटा दिसत नाही, हे खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. असं खरं बोलण्यापेक्षा त्यांनी माझ्या तोंडात मारलं असतं तर मी आजवर विसरले असते.

"झालं," मोठेबाबा म्हणाले. "आंधळ्याले घेऊन पोरगी पळवते. चावी ठेव इथं."

मी चावी गादीवर ठेवली नाही, टाकली. आईनं मला ओढून आत नेलं. रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा मी त्यांना वाढलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.

गाडी मोठेबाबांच्या वखारीत गेली आणि त्यांचा ड्रायव्हर बाबांना बाजाराला नेऊ लागला. मी घरात बसून गहू निवडायची. येणारी प्रत्येक बाई मला नीट न्याहाळायची, कुठं मोडलंय का म्हणून. बाबा दवाखान्यातून येताना माझ्यासाठी कधी पेरू आणायचे, कधी मासिक. पेरू मी गाईला घातले.

मग एके दिवशी काही कामानं वखारीत गेले तर गाडीची डिकी उघडी होती आणि आत सरकीची दोन पोती, नीट दाबून, मागच्या चाकांच्या बरोबर वर. गाडीत कापूस नाही, सरकीचं गिऱ्हाईक नाही. मी ड्रायव्हरला विचारलं की ही पोती कशाला.

त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं. "राहू द्या ना ताई."

"काऊन पण?"

"रिकामी गाडी मागून उडते. पोती टाकली का बसते बरोबर."

म्हणजे याला माहीत होतं. महिनाभर तो त्याच वळणावरून सुखरूप जात होता आणि गाव म्हणत होतं, बघा, गाडी चांगली आहे, पोरगीच वाईट. मी तिथून तशीच चाचांकडं गेले. ते ऐरणीपाशी बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बेटी, मी तुझ्या मोठेबाबाले बोललो होतो. कमान वजन पाहून बनते. टांग्यात सवारी नसली तर आम्ही पण टांगेवाल्याले मागं सरकून बसाले सांगतो. पर त्याइले ताठ गाडी पाहिजे होती."

"मग हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल?"

चाचा भात्याकडं बघत राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. सुळी देताना सगळ्यांना ठाऊक असतं की हा संन्यासी आहे, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. दुसऱ्या दिवशी मोठेबाबा मेहकरला जायचे होते. सकाळी गाडी धुवून वखारीसमोर उभी होती आणि ड्रायव्हर चहाला गेला होता. मी हमालाला हाक मारली आणि दोन्ही पोती काढून आत टाकायला लावली. मोठेबाबा येऊन बसले, गाडी गेली.

पहिला तासभर मी खूश होते. मग हळूहळू ड्रायव्हरचा चेहरा डोळ्यांसमोर यायला लागला. त्याला दोन लहान मुली होत्या. गाडीचा आवाज ऐकायला मी दुपारभर ओसरीत खांबाला धरून उभी होते, आणि बाबांनी मला शिकवलेलं सगळं ऐकणं त्या दुपारी कामाला आलं.

गाडी आली. मोठेबाबा उतरले तेव्हा त्यांची टोपी हातात होती आणि धोतराला मुरमाची माती. गाडी मोरीच्या वळणावरच फिरली होती, तुरीत न जाता रस्त्यावरच आडवी थांबली होती. ते ड्रायव्हरला बोलत होते, "उद्यापासून येऊ नको. तुले काय दिसत नाई?" ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता, हुबेहूब मी उभी होते तसा. त्याला कळलंच नव्हतं काय झालं ते.

मी धावत गेले आणि म्हणाले, "पोती मी काढली."

"कोणती पोती?" मोठेबाबा म्हणाले.

मग ड्रायव्हरला सांगावं लागलं. पाटे, रिकामी गाडी, सरकी, सगळं. मोठेबाबा बराच वेळ टोपी झटकत होते. त्यांनी मला चार शिव्या दिल्या, त्या माझ्या हक्काच्या होत्या, मी घेतल्या. ड्रायव्हरला ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी चाचांकडं जाऊन पाटे काढून आली, आणि आठवडाभरानं चावी माझ्या आईच्या हाती आली, काही न बोलता. माझी आशा वाढली. पण बैठकीत कुणी विषय काढला तर मोठेबाबा म्हणायचे, "पाट्याचं होतं थोडंसं. पण पोरगी पळवत होती, ते येगळं." माझा पंचवीस कुणी मला परत दिला नाही. आणि बाबा तिथंच बसलेले असायचे, चटईकडं बघत.

मी पुन्हा त्यांना घेऊन बाजार करू लागले. गाडी पुन्हा कलायला लागली, बोलायला लागली. आम्ही दोघं बोलत नव्हतो. ते मैल सांगत नसत आणि मी विचारत नसे.

पुढच्या वर्षी एकदाचा मोतीबिंदू पिकला आणि अकोल्याला जाऊन बाबा डोळे करून आले. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा लागला. सगळ्यांकडं ते असे बघत की जणू नव्यानं ओळख होते आहे. त्याच महिन्यात डोणगावला एका पुतणीचं जमवायला मोठेबाबांना जायचं होतं. बाबा पुढं, मोठेबाबा मागं, मी चालवत होते. मोरी दिसली तशी मोठेबाबा मागून म्हणाले, "हळू घे वं. इथंच तूनं पळवली होती."

बाबा पुढं वाकले, चष्मा सावरून घड्याळाच्या अगदी जवळ नाक नेलं.

"पंचवीस हाय, दादा," ते म्हणाले. "त्या दिवशीबी इतकेच होते."

गाडी थोडी कलली आणि वळण पार झालं. डोणगावला पोचलो, पाहुण्यांचा चहा झाला, आणि मोठेबाबांनी स्वतः चारचौघांत सांगितलं, "पोरीचं काई चुकलं नोतं. डॉक्टरले डोळे नोते तवा, तो तरी काय सांगीन? आता दिसाले लागलं, आता बोलला." सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं तर बाबांच्या पाठीवर हात ठेवला, बिचारा म्हणून. मी तिथं बसून चहाची बशी इतकी घट्ट धरली होती की ती फुटली नाही याचं मला नवल वाटतं. माझं नाव धुतलं गेलं होतं आणि माझं रक्त उकळत होतं.

मोठेबाबा मुक्कामाला राहिले. परत येताना आम्ही दोघंच. चार वाजले असतील, ऊन समोरून येत होतं. नव्या डोळ्यांना ते सोसेना म्हणून बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि मान मागं टाकली. माझा राग गाडीच्या वेगात उतरला होता, ते मलाही कळलं नव्हतं.

"एकतीस झाले," बाबा म्हणाले. "उतरव."

मी काटा बघितला. एकतीस.

"चष्मा तर मांडीवर हाय तुमच्या, बाबा," मी म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी चाचपून चष्मा उचलला, डोळ्यांवर घातला आणि उन्हात समोर बघत बसले. मोरी आली तेव्हा मी आपणहून पंचवीसवर आणली.